कंपनीने न केलेले भाषांतर

निन्टेन्डो कंपनीचा ‘मदर ३’ हा खेळ २० एप्रिल २००६ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. तो ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ या हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रासाठी होता आणि कंपनीने तो जपानबाहेर विकला नाही. १७ ऑक्टोबर २००८ रोजी त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर लोकांच्या हाती पडले. ते कंपनीने करवून घेतले नव्हते. अमेरिकेतील चाहत्यांच्या एका गटाने ते दोन वर्षे फावल्या वेळात, एक पैसा न घेता केले होते. चाहत्यांनी परभाषेत नेलेल्या जपानी खेळांची यादी आता बरीच लांब झाली आहे, पण त्यात ‘मदर ३’ची हकिकत सर्वांत प्रसिद्ध आहे आणि तिचे कागदोपत्री तपशीलही बऱ्यापैकी उपलब्ध आहेत.

‘मदर ३’ हा रोल-प्लेइंग प्रकारातला खेळ आहे. या प्रकारात खेळणारा पात्रांना घेऊन गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, लढतो आणि कथा पुढे नेतो. बोटांच्या चपळाईपेक्षा इथे वाचन महत्त्वाचे असते. मारिओची उडी कळायला कोणतीच भाषा लागत नाही, पण रोल-प्लेइंग खेळातल्या म्हातारीने दिलेला इशारा वाचता आला नाही तर खेळ तिथेच अडतो. म्हणूनच चाहत्यांनी भाषांतरासाठी बऱ्याचदा याच प्रकारातले खेळ निवडले.

‘मदर’ मालिकेचा कर्ता शिगेसातो इतोई. १९४८ साली माएबाशी येथे जन्मलेला हा माणूस मूळचा प्रोग्रामर नव्हे. तो जपानमधला नामवंत जाहिरातलेखक. घिबली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या चित्रपटांच्या जाहिरातींतील ओळी त्याने लिहिल्या आणि ‘माय नेबर तोतोरो’ या १९८८ च्या चित्रपटात वडिलांच्या पात्राला आवाजही दिला. त्याचा पहिला खेळ ‘मदर’ जुलै १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आला. त्या काळातले असे खेळ राजे, ड्रॅगन आणि तलवारी यांच्याभोवती फिरत. इतोईने आपली कथा अमेरिकेसारख्या दिसणाऱ्या आजच्या जगात आणली. त्यातली मुले बेसबॉलची बॅट घेऊन परग्रहवासीयांशी लढतात आणि घरी फोन करून आईबापांशी बोलतात. संवाद चुरचुरीत, थोडे वेडे आणि मधूनच काळजाला हात घालणारे. मालिकेची सारी मदार या लेखनावर होती आणि पुढच्या अडचणींचे मूळही तिथेच होते.

पहिल्या ‘मदर’चे इंग्रजी रूपांतर निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेने १९९० मध्ये पूर्ण केले होते. तोवर फॅमिकॉमची पिढी मागे पडत चालली होती, म्हणून ते बाजारात न येता कपाटात गेले. त्याची एक नमुना-प्रत १९९८ च्या सुमारास बाहेर आली आणि चाहत्यांच्या एका गटाने तिच्यातला खेळ उतरवून ‘अर्थबाउंड झीरो’ या नावाने पसरवला. म्हणजे मालिकेच्या परदेशवारीत चाहत्यांचा हात लागला तो ‘मदर ३’च्या कितीतरी आधी.

‘मदर २’ ऑगस्ट १९९४ मध्ये जपानमध्ये आला. त्याचे काम एका टप्प्यावर इतके अडकले होते की, एचएएल लॅबोरेटरी या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या सातोरु इवाता यांना मदतीला बोलावावे लागले. आहे तेच दुरुस्त करायचे तर दोन वर्षे आणि नव्याने लिहायचे तर सहा महिने, असा हिशेब त्यांनी मांडला आणि दुसरा मार्ग घेतला. हेच इवाता पुढे २००२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. ‘मदर २’ जून १९९५ मध्ये ‘अर्थबाउंड’ या नावाने अमेरिकेत गेला. कंपनीने जाहिरातीवर सुमारे २० लाख डॉलर खर्च केले, मासिकांत खरवडून वास घ्यायचे तुकडे छापले आणि हा खेळ घाणेरडा वास मारतो अशी स्वतःचीच टिंगल केली. खेळाबरोबर जाडजूड मार्गदर्शक पुस्तक असल्याने खोके मोठे आणि किंमत जास्त. अमेरिकेत जेमतेम १ लाख ४० हजार प्रती खपल्या. चकचकीत चित्रांची सवय लागलेल्या ग्राहकाला ही साधी, बालचित्रांसारखी रेखाटने जुनाट वाटली. कंपनीने यातून धडा घेतला तो एवढाच, की ही मालिका परदेशात चालत नाही.

खपाचे आकडे मात्र सगळे सांगत नाहीत. ज्या थोड्यांनी ‘अर्थबाउंड’ खेळला, त्यांना तो विसरता आला नाही. १९९९ मध्ये त्यातला नेस हा मुलगा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या लढाईच्या खेळात झळकला आणि नव्या पिढीला त्याचे कुतूहल वाटू लागले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रीड यंग या तरुणाच्या पुढाकाराने ‘स्टारमेन डॉट नेट’ हा चाहत्यांचा गोतावळा उभा राहिला. पुढची सारी धडपड याच मंडळींची.

दरम्यान तिसऱ्या भागाचे काम रडतखडत चालू होते. निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी, त्याला जोडायच्या ६४डीडी या चकती-यंत्राचा उपयोग करून, त्रिमितीय चित्रांचा मोठा खेळ करायचे ठरले होते. १९९९ च्या ऑगस्टमधील स्पेसवर्ल्ड प्रदर्शनात त्याचा नमुना दाखवलाही गेला. पण ६४डीडी आपटले, आधीच लांबलेले काम आणखी लांबले आणि ऑगस्ट २००० मध्ये प्रकल्प रद्द झाला. इतोई, इवाता आणि निन्टेन्डोचे खेळ-रचनाकार शिगेरु मियामोतो यांनी तो का सोडला याबद्दलची आपली दीर्घ चर्चा जाहीर केली. आपले अपयश असे उघड मांडणे त्या व्यवसायात दुर्मिळच. जून २००३ मध्ये पहिले दोन भाग एकत्र करून गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आणले गेले आणि त्याच वेळी ‘मदर ३’ त्या छोट्या यंत्रावर येणार असल्याचे कळले. ब्राउनी ब्राउन ही खेळ बनवणारी कंपनी आणि एचएएल लॅबोरेटरी यांनी तो नव्याने, द्विमितीय रूपात घडवला. संगीत शोगो साकाई यांचे.

कथा घडते ‘नोव्हेअर’ नावाच्या बेटांवर. ताझमिली हे गाव पैसा ओळखत नाही, कुणी दाराला कुलूप लावत नाही. मग डुकराचे मुखवटे घातलेली फौज येते, पैसा येतो, घरोघरी ‘सुखाच्या पेट्या’ येतात आणि गाव ओळखू येईनासे होते. फ्लिंट या मेंढपाळाच्या कुटुंबावर पहिल्याच प्रकरणात जो आघात होतो, त्याची सावली आठही प्रकरणांवर राहते. लढाईत पार्श्वसंगीताच्या ठेक्यावर बटण दाबत राहिल्यास एका वारात १६ पर्यंत घाव घालता येतात. ताल चुकला की घावांची साखळी तुटते. जपानमध्ये पहिल्याच आठवड्यात सुमारे २ लाख प्रती विकल्या गेल्या.

परदेशात मात्र वेळ चुकली. निन्टेन्डो डीएस हे पुढचे यंत्र २००४ च्या अखेरीस आले होते आणि २००६ मध्ये कंपनीचे सारे लक्ष तिकडे होते. मावळत्या यंत्रासाठी, मजकुराने भरलेल्या आणि परदेशात एकदा आपटलेल्या मालिकेच्या खेळाचे भाषांतर करायला पैसा घालावा असे अमेरिकी शाखेला वाटले नाही. खेळातील काही पात्रे वादग्रस्त ठरतील म्हणून तो अडवला, अशी चर्चा वर्षानुवर्षे चालू होती. अमेरिकी शाखेचे माजी अध्यक्ष रेजी फिस-एमे यांनी २०२२ मध्ये, निवृत्तीनंतर, ती खोडून काढली. कारण निव्वळ व्यावसायिक होते, असे ते म्हणाले. हेच अधिक पटण्यासारखे आहे.

चाहत्यांनी आधी रीतसर मार्ग धरला. हजारो सह्यांची निवेदने गेली, फोनचा मारा झाला. २००७ मध्ये तर चाहत्यांच्या चित्रांचे सुमारे २७० पानांचे रंगीत पुस्तक छापून कंपनीला आणि पत्रकारांना पाठवले गेले. उत्तर आले नाही. निवेदनावर सही करणारा प्रत्येकजण खेळ विकत घेईलच असे नसते आणि कंपनीला ते पक्के ठाऊक असते. सह्यांच्या गठ्ठ्याचा फोलपणा इथे पुरता दिसला. त्याआधीच, नोव्हेंबर २००६ मध्ये, स्टारमेनच्या मंडळींनी भाषांतर आपणच करण्याची घोषणा केली होती. कंपनीने अधिकृत आवृत्ती जाहीर केली तर आम्ही त्याच दिवशी आनंदाने थांबू, असेही त्यांनी सांगून टाकले होते.

भाषांतराची धुरा क्लाइड मँडेलिन यांनी घेतली. ते व्यवसायाने जपानी-इंग्रजी भाषांतरकार. ‘ड्रॅगन बॉल’, ‘वन पीस’ यांसारख्या मालिकांवर त्यांनी काम केले होते आणि त्याआधी ‘स्टार ओशन’, ‘बहामुत लगून’ या खेळांच्या चाहता-भाषांतरांतही त्यांचा वाटा होता. गटात डझनभर माणसे होती. खर्ची पडलेले तास हजारोंच्या घरात गेले आणि बाजारभावाने या कामाचे मोल सुमारे ३० हजार डॉलर झाले असते, असा अंदाज आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते की भाषांतर म्हणजे वाक्ये बदलणे. खेळाच्या बाबतीत वाक्ये सापडण्यापासूनच सुरुवात असते. ‘मदर ३’ची सारी सामग्री ३२ मेगाबाइटच्या एका चिपमध्ये भरलेली. त्यात चित्रे कुठे, सूर कुठे, संवाद कुठे, हे सांगणारा नकाशा कंपनीबाहेर कुणाकडे नाही. प्रोग्रामरांनी यंत्रभाषेतल्या आज्ञा उलगडत मजकुराची जागा शोधली, तो बाहेर काढायची आणि इंग्रजी मजकूर परत आत बसवायची साधने स्वतः लिहिली. मग अक्षरांचा प्रश्न. जपानी लिपीतले प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीच्या चौकटीत बसते. इंग्रजीत ‘आय’ चिंचोळा आणि ‘डब्ल्यू’ रुंद. दोन्हींना सारखी चौकट दिली तर ओळ दात पडल्यासारखी विसविशीत दिसते आणि शब्दही मावत नाहीत. त्यामुळे अक्षरागणिक रुंदी बदलणारी नवी व्यवस्था खेळाच्या आत घालावी लागली. जागेची टंचाई वेगळीच. कुमातोरा या राजकन्येचे नाव जपानीत चार अक्षरांत संपते, रोमन लिपीत त्याला आठ लागतात. नावे, वस्तू, हत्यारे, शत्रू, सगळीकडे हेच. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला पडद्यावर एका वेळी १२८ सुट्या चित्रतुकड्यांची मर्यादा आहे. ज्या ठिकाणी अक्षरे अशा तुकड्यांनी रेखाटलेली असतात तिथे शब्द लांबले की ही मर्यादा संपते आणि पडद्यावर काहीबाही दिसू लागते. एक गाठ सोडवली की खेळ भलत्याच प्रकरणात बंद पडे. चाचणीसाठी आठही प्रकरणे पुन्हा पुन्हा खेळणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत कमी कौतुक झालेले काम.

व्याकरणाचाही जाच होता. जपानी नामाला इंग्रजीसारखी ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही उपपदे लागत नाहीत. मूळ खेळ शत्रूचे नाव वाक्यात सरळ चिकटवतो. इंग्रजीत तसे केले तर वाक्य लंगडे होते. म्हणून कोणत्या नावाआधी काय लावायचे हे खेळाला कळावे यासाठी वेगळी खूण घालावी लागली.

भाषांतराचा बाज ठरवताना मँडेलिन यांच्यापुढे ‘अर्थबाउंड’चे अधिकृत इंग्रजी होतेच. चाहत्यांच्या कानात तीच भाषा मुरलेली, म्हणून वस्तू आणि शक्ती यांची जुनी नावे त्यांनी शक्य तिथे जपली. नवी नावे जिथे हवी तिथे धाडस केले. दुष्ट फेरीवाल्याचे जपानी नाव योकुबा. त्यात हावरेपणाचा अर्थ दडलेला. इंग्रजीत तो फॅसाड झाला. त्यातून इंग्रजी वाचकाला दर्शनी देखावा सुचतो. मराठी वाचकाला तर अरबीतून आपल्याकडे आलेला ‘फसाद’च ऐकू येईल, आणि पात्राला तो शोभतोही. पाच वर्षांच्या मुलाला आणि पन्नाशीच्या माणसाला वेगवेगळ्या कारणांनी हसू यावे असे इतोईचे लेखन शब्दाला शब्द ठेवून उतरले नसते. या भाषांतराचा दर्जा अधिकृत कामाच्या तोडीचा मानला गेला, आणि तो मान रास्त आहे.

चाहत्यांनी वाटले ते मात्र ‘पॅच’. पॅच म्हणजे मूळ खेळ आणि बदललेला खेळ यांतला केवळ फरक साठवणारी फाइल. ती एकटी निरुपयोगी. खेळाची मूळ प्रत जवळ असेल तरच तिचा उपयोग. यामागे कायद्याचे भान होते. भाषांतराचा हक्क कृतीच्या मालकाकडे असतो, त्यामुळे पॅचही पूर्णपणे निर्दोष ठरत नाही, पण आख्खा खेळ फुकट वाटण्यापेक्षा तो बराच वेगळा. पहिल्या आठवड्यातच पॅचच्या १ लाखाहून अधिक प्रती उतरवून घेतल्या गेल्या. निन्टेन्डो आपल्या हक्कांबाबत कडक म्हणून ओळखली जाते, तरीही तिने या गटाला नोटीस पाठवली नाही. कौतुकही केले नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत आलेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’मध्ये ‘मदर ३’चा नायक लुकास होता. जो खेळ आपण विकत नाही त्याच्या नायकाची जाहिरात कंपनी स्वतःच करत होती.

या कामातून एक व्यवसायही उभा राहिला. रीड यंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फॅनगेमर ही कंपनी काढली आणि ‘मदर ३’चे २०० पानी रंगीत मार्गदर्शक पुस्तक छापले. एखाद्या देशात खेळ नाही, पण त्याचे देखणे पुस्तक मिळते, असा हा प्रकार. २०१३ मध्ये मँडेलिन यांनी आपले सारे भाषांतर निन्टेन्डोला विनामूल्य देऊ केले. हवे ते बदल करून कंपनीने वापरावे, अशी त्यांची तयारी होती. तेही स्वीकारले गेले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘अर्थबाउंड’ वी यू या यंत्रावर पुन्हा विक्रीला आला आणि जून २०१५ मध्ये पहिल्या ‘मदर’चे २५ वर्षे पडून राहिलेले इंग्रजी रूप ‘अर्थबाउंड बिगिनिंग्ज’ म्हणून अधिकृतपणे प्रकाशित झाले. ‘मदर ३’ फेब्रुवारी २०२४ मध्ये निन्टेन्डो स्विचच्या सदस्यसेवेत आला, तो फक्त जपानमध्ये आणि फक्त जपानीत.

सर्वच कंपन्या अशा वागल्या नाहीत. ‘फायनल फँटसी टाइप-०’ या सोनीच्या पीएसपी यंत्रावरील खेळाचे चाहता-भाषांतर २०१४ मध्ये आले आणि मालक कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर मागे घ्यावे लागले. पुढल्या वर्षी अधिकृत आवृत्ती निघाली. उलट टोकाचे उदाहरण ‘ट्रेल्स फ्रॉम झीरो’चे. पीएसपीवरच २०१० मध्ये आलेल्या या खेळाचे इंग्रजी भाषांतर जिओफ्रंट या चाहत्यांच्या गटाने २०२० मध्ये पूर्ण केले. प्रकाशकाने त्यांच्याशी करार करून तेच भाषांतर २०२२ मध्ये बाजारात आणले. मँडेलिन यांनी जे देऊ केले होते, ते इथे प्रत्यक्षात घडले.

भारतात अशा खेळांची वाट आणखी आडवळणाची. १९९० च्या दशकात नागपूरसारख्या शहरातील मुलांची ओळख होती ती पेन्सिल सेलवर चालणाऱ्या ब्रिक गेमशी आणि टीव्हीला जोडून कॅसेट लावायच्या नकली फॅमिकॉमशी. अस्सल गेम बॉय परदेशातल्या नातलगांकडून आला तर आला. पुढे घरच्या संगणकावर एम्युलेटर, म्हणजे अशा यंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम, आला तेव्हा जपानी खेळ हाताशी आले, पण इंग्रजीतून, म्हणजे मराठी शाळेतल्या मुलाला दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेतून. जपानी कृतींसाठी भारतीय चाहत्यांनी केलेला संघटित प्रयत्न यशस्वी झाला तो चित्रपटाच्या बाबतीत. २०१९ मध्ये जपानी दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात प्रदर्शित व्हावा म्हणून ५० हजारांवर सह्या जमल्या आणि ११ ऑक्टोबर २०१९ रोजी तो भारतीय चित्रपटगृहांत लागला. तिथे सह्या फळल्या, कारण पडदे आणि वितरक तयार होते व खर्च थोडा होता. खेळाच्या भाषांतराला लागणारी दोन वर्षांची मजुरी त्यात नव्हती.

भारतीय कॉपीराइट कायद्यात एक लक्षवेधी तरतूद आहे. १९५७ च्या या कायद्याच्या कलम ३२ नुसार वाङ्मयीन किंवा नाट्यकृतीच्या पहिल्या प्रकाशनाला ७ वर्षे झाल्यावर तिच्या भाषांतराच्या परवान्यासाठी कुणालाही अर्ज करता येतो. याच कायद्याच्या व्याख्येत संगणक-प्रोग्राम वाङ्मयीन कृतीत मोडतो. खेळात मात्र चित्रे आणि संगीतही असते, त्यामुळे या वाटेने खेळाचे भाषांतर नेणे कागदावर वाटते तितके सरळ नाही.

मराठीचे प्रश्न इंग्रजीपेक्षा अवघड ठरतील. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिण्यात आधी येते, मात्रा वर चढतात, उकार खाली उतरतात, जोडाक्षरे रूप बदलतात. जुन्या यंत्रांतल्या आठ-सोळा ठिपक्यांच्या उंचीत हे बसवायचे म्हणजे प्रत्येक जोडाक्षर हाताने रेखाटावे लागेल. इंग्रजी गटाला उपपदांची खूण घालावी लागली, तशी मराठीला लिंगाची लागेल. तलवार ‘मिळाली’, भाला ‘मिळाला’ आणि औषध ‘मिळाले’ हे खेळाला आपोआप कळत नाही. ‘मदर ३’च्या गटाने आपली साधने इतर भाषांतील भाषांतरकारांसाठी खुली केली आणि त्यांच्या आधारे इतर युरोपीय भाषांतही पॅच तयार झाले. मराठीत कुणाला हा खटाटोप करायचा असेल, तर त्याने संवादांना हात घालण्याआधी देवनागरी अक्षरांचा संच करायला घ्यावा.